लॉकेटवरचा लॅम्डा खरंच स्पार्टाचा आहे का?



मागच्या लेखात आपण रिव्ह्यू पेपर कसा वाचायचा ते पाहिलं. आजचा विषय तुम्हाला भलतीकडचा वाटेल. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, आणि लेख आहे प्राचीन ग्रीसवर. पण पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते एका लॉकेटमुळे शिरलं, म्हणून तो इथे लिहितेय.

झालं असं. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने ऑनलाइन एक स्टीलचं लॉकेट मागवलं. त्यावर एक गोल ढाल आणि ढालीच्या मधोमध उलट्या इंग्रजी 'व्ही'सारखं अक्षर, म्हणजे ग्रीक लॅम्डा. ढालीच्या वर तुरा असलेलं, डोळ्यांपुरती खाच ठेवलेलं शिरस्त्राण. मागच्या बाजूला दोन ग्रीक शब्द कोरलेले: 'मोलॉन लाबे', म्हणजे 'या आणि घेऊन जा'. कडेने आणखी एक ग्रीक वाक्य, ज्याचा अर्थ 'ढालीसह किंवा ढालीवर'. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपायलीच्या खिंडीत लढलेल्या ३०० स्पार्टन योद्ध्यांचं हे अस्सल चिन्ह आहे.

आमच्याकडे लॅम्डा म्हणजे तरंगलांबी. दिवसभर आम्ही स्पेक्ट्रोमीटरसमोर बसून तेच मोजत असतो. त्यामुळे आधी त्याची यथेच्छ चेष्टा झाली. संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे खरंच त्या काळचं आहे का गं? मला हेच दंडावर गोंदवून घ्यायचंय. एकदा काढलं की काढलं." दोन महिन्यांनी त्याला समर स्कूलसाठी ऑस्ट्रियाला जायचं होतं आणि त्याआधी टॅटू करून घ्यायचा त्याचा बेत होता.

मी म्हणाले, "बघते." वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. तीन रविवार गेले.

लॉकेट एक, दावे चार

पहिला धडा इथेच. कार्डावरचं वाक्य एकच होतं, पण त्यात चार वेगवेगळे दावे एकत्र बांधले होते. एक, मोलॉन लाबे हे शब्द थर्मोपायलीत उच्चारले गेले. दोन, तिथल्या स्पार्टन ढालींवर लॅम्डा होता. तीन, त्यांच्या डोक्यावर असं शिरस्त्राण होतं. चार, 'ढालीसह किंवा ढालीवर' हा त्यांचा नियम होता.

असे दावे सुटे केल्याशिवाय तपासता येत नाहीत. कारण एक खरा निघाला की त्याच्या जोरावर बाकीचे तीन आपोआप खरे वाटायला लागतात. म्हणून मी वहीत चार ओळींचा तक्ता केला आणि प्रत्येक ओळीपुढे दोन तारखा लिहायच्या ठरवल्या. एक घटनेची आणि दुसरी, ती घटना सांगणाऱ्या सगळ्यात जुन्या पुराव्याची. घटनेची तारीख चारही ओळींत तीच: इ.स.पू. ४८०. दुसऱ्या रकान्यात मात्र गंमत सुरू झाली.

मोलॉन लाबे: लहान होत गेलेलं वाक्य

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पर्शियाचा सम्राट झर्क्सिस मोठं सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. थर्मोपायलीच्या अरुंद वाटेवर स्पार्टाचा राजा लिओनिडास ग्रीक तुकड्या घेऊन उभा होता. झर्क्सिसने सांगितलं, शस्त्रं खाली ठेवा. लिओनिडास उत्तरला, या आणि घेऊन जा.

या लढाईचा आपल्याकडचा सगळ्यात जुना सविस्तर वृत्तांत हिरोडोटसचा आहे. लढाईनंतर साधारण पन्नास वर्षांनी त्याचा ग्रंथ पूर्ण झाला. त्याने बारीकसारीक गोष्टी टिपल्यात. झर्क्सिसने चार दिवस वाट पाहिली. त्याच्या हेराला स्पार्टन लोक व्यायाम करताना आणि लांब केस विंचरताना दिसले. पर्शियनांच्या बाणांनी सूर्य झाकला जाईल असं ऐकल्यावर डायनेकीस नावाचा स्पार्टन म्हणाला की बरंच झालं, सावलीत लढता येईल. तीनशे जणांची नावं आपण मिळवली होती असंही हिरोडोटस सांगतो. इतका चौकस माणूस! पण शस्त्रं मागितल्याचा आणि त्यावरच्या उत्तराचा त्याच्याकडे उल्लेखच नाही.

मग येतो डायोडोरस, सिसिलीचा इतिहासकार, इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्याच्याकडे झर्क्सिसचे दूत येऊन शस्त्रं टाका म्हणतात आणि लिओनिडास त्यांना व्यवस्थित समजावतो: आम्ही राजाचे मित्र झालो तर शस्त्रांसह जास्त उपयोगी पडू आणि लढावं लागलं तर शस्त्रांसह चांगले लढू. मुद्दा तोच, पण हे उत्तर वकिलासारखं लांबलचक आहे.

आणि शेवटी प्लुटार्क. त्याच्या नावावर असलेल्या स्पार्टन वचनांच्या संग्रहात ते दोन शब्द मिळतात. प्लुटार्कचा काळ साधारण इ.स. ४६ ते १२०. ढोबळमानाने इ.स. १०० धरलं तर लढाईपासून अंतर किती? ४८० अधिक १००, वजा १, कारण मध्ये शून्य साल नाही. म्हणजे ५७९ वर्षं. आजपासून तेवढं मागे गेलात तर तुम्ही शिवजन्माच्याही जवळपास दोनशे वर्षं आधी पोचता.

आणखी एक गोष्ट. प्लुटार्कच्या संग्रहात ही देवाणघेवाण लेखी आहे. झर्क्सिस लिहून पाठवतो, लिओनिडास लिहून उत्तर देतो. खिंडीत उभं राहून ओरडणं तिथे नाही.

आता हा क्रम पाहा. पन्नास वर्षांनी काहीच नाही, चारशेहून जास्त वर्षांनी लांब उत्तर, जवळपास सहाशे वर्षांनी दोन शब्द. आठवणी सहसा काळाबरोबर झिजतात. ही मात्र धारदार होत गेलीय. स्पार्टन लोक मोजकंच बोलतात ही ख्याती ग्रीक जगात पक्की झाली होती आणि त्या ख्यातीला साजेसं उत्तर लिओनिडासच्या तोंडी बसलं. याचा अर्थ लिओनिडास असं म्हणालाच नाही असा होत नाही. अर्थ इतकाच, की 'इ.स.पू. ४८० चे शब्द' असं त्याखाली लिहिता येत नाही.

आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांवर एवढा भर का दिला असेल, ते मला रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बसून तेव्हा कळलं.

लॅम्डा: स्पार्टाचा 'एस' का नाही?

स्पार्टाच्या चिन्हावर 'ल'चं अक्षर का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर चांगलं आहे. स्पार्टाच्या राज्याचं अधिकृत नाव होतं लाकेडायमॉन आणि तिथले लोक म्हणजे लाकेडायमोनियन. म्हणून लॅम्डा. एवढ्यापुरतं कार्ड बरोबर आहे.

पुरावा मात्र कुठून सुरू होतो बघा. अथेन्सचा विनोदी नाटककार युपोलिस इ.स.पू. ५ व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लिहीत होता. त्याच्या एका नाटकातला लहानसा तुकडा उरलाय, त्यात चमकणारे लॅम्डा बघून कोणीतरी घाबरल्याचा उल्लेख आहे. ते नाटक आज आपल्याकडे नाही. तुकडा टिकला तो कोशकारांमुळे. इ.स. ९ व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोटियस याने शब्दकोश केला आणि लाकेडायमोनियन लोक ढालींवर लॅम्डा काढत अशी नोंद त्यात ठेवली. म्हणजे युपोलिसपासून फोटियसपर्यंत तेराशे वर्षं आणि आपण वाचतो तो फोटियस.

तरी हा पुरावा मी टाकून देणार नाही, कारण त्याला बाजूने एक टेकू मिळतो. झेनोफन हा अथेन्सचा लेखक स्पार्टनांच्या बरोबर राहिलेला आणि लढलेला. इ.स.पू. ३९२ मध्ये कॉरिंथजवळ झालेल्या चकमकीची हकीकत तो सांगतो. स्पार्टाच्या बाजूचे सिकियॉन शहरातले सैनिक मागे हटत होते. ते पाहून पासिमाकस नावाच्या स्पार्टन अधिकाऱ्याने आपल्या घोडेस्वारांना खाली उतरवलं, घोडे झाडांना बांधले, सिकियॉनवाल्यांच्या ढाली घेतल्या आणि आर्गोसच्या सैन्यावर चालून गेला. त्या ढालींवर सिग्मा होता, म्हणजे ग्रीक 'स'. आर्गोसच्या लोकांना वाटलं, समोर सिकियॉनचेच आहेत, यात घाबरण्यासारखं काही नाही. ही अक्षरं तुम्हाला चकवतील, असं पासिमाकस म्हणाल्याचं झेनोफन लिहितो.

म्हणजे इ.स.पू. ३९२ पर्यंत शहराचं आद्याक्षर ढालीवर असण्याची पद्धत होती आणि समोरचा शत्रू ते वाचत होता. गंमत म्हणजे, लॉकेट बनवणाऱ्याने उद्या स्पार्टा म्हणून सिग्मा कोरला तर त्या काळचा ग्रीक माणूस तो सिकियॉन असाच वाचेल.

पण हे सगळं थर्मोपायलीनंतरचं. युपोलिस धरला तरी अर्धं शतक पुढचं आणि झेनोफनची चकमक ८८ वर्षं पुढची. इ.स.पू. ४८० च्या ढालींवर लॅम्डा होता असं सांगणारा त्या काळचा एकही लेख, एकही चित्र उपलब्ध नाही.

मग खऱ्या स्पार्टन ढालीवर काय आहे?

हा प्रश्न माझ्या मनात आला तेव्हा मला वाटलं, अशी ढाल कुठली टिकायला! पण एक टिकलीय.

इ.स.पू. ४२५ मध्ये पायलॉसजवळच्या स्फॅक्टेरिया बेटावर अथेन्सने स्पार्टाच्या तुकडीला कोंडलं. थ्युसिडिडीजच्या नोंदीप्रमाणे बेटावर ४२० जण उतरले होते. त्यांतल्या २९२ जणांनी जिवंत शरणागती पत्करली आणि त्यांत १२० च्या आसपास अस्सल स्पार्टन नागरिक होते. 'स्पार्टन कधीच शरण जात नाहीत' अशी पाटी असलेली अंगठीही बाजारात मिळते, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. त्यांच्या ढाली अथेन्सला विजयचिन्ह म्हणून नेल्या गेल्या.

त्यातली एक ढाल १९३६ मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उत्खनन करताना एका पाण्याच्या टाक्यात सापडली. आज ती तिथल्याच संग्रहालयात आहे. चेपलेली, झिजलेली, जवळपास मीटरभर रुंद कांस्याची ढाल. तिच्यावर अक्षरं आहेत! फक्त ती स्पार्टनांची नाहीत. अथेन्सच्या लोकांनी ठोकून ठोकून लिहिलंय: अथेन्सवासीयांनी लाकेडायमोनियनांकडून, पायलॉसहून. म्हणजे या खऱ्या स्पार्टन ढालीवर लॅम्डा आहे तो शत्रूने लिहिलेल्या 'लाकेडायमोनियन' या शब्दातला.

इथे मी जवळजवळ उडीच मारली. वहीत लिहिलंसुद्धा: 'ढालीवर लॅम्डा नव्हता, सिद्ध.' दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोडावं लागलं. चिन्ह रंगवलेलं असेल तर अडीच हजार वर्षांत रंग उडून जाणारच. रंग टिकला नाही यावरून रंग नव्हता असं ठरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, उपकरणाची संवेदनशीलता कमी असताना शिखर दिसलं नाही म्हणून पदार्थच नाही असं आपण लिहीत नाही ना? तोच न्याय इथे.

थर्मोपायलीच्या आधीच्या काळासाठी आणखी चांगला पुरावा स्पार्टामध्येच मिळाला. आर्टेमिस ऑर्थिया या देवीचं ठाणं युरोटास नदीकाठी होतं. ब्रिटिश स्कूल ॲट अथेन्सने १९०६ ते १९१० या काळात तिथे खोदकाम केलं, तेव्हा शिशाच्या चपट्या, साच्यात ओतलेल्या, बोटभर उंचीच्या आकृत्या निघाल्या. किती? एक लाखाहून जास्त. लोक देवीला त्या वाहत असत. आपल्याकडे नवस फेडताना देवाला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतात ना, तसंच काहीसं. त्यांत देवता आहेत, प्राणी आहेत, पुष्पचक्रं आहेत आणि पुष्कळ योद्धेही आहेत. योद्ध्यांच्या हातात गोल ढाली आणि त्या ढालींवर फुलांच्या पाकळ्या, चक्राकार भोवरे, किरणं, असे तऱ्हेतऱ्हेचे नमुने. सगळ्यांसाठी एकच चिन्ह नाही.

मला हे फार आवडलं. स्पार्टाच्या सामान्य माणसाने स्वतः हातात घेतलेला, स्वस्त धातूचा छोटा योद्धा. आजच्या लॉकेटचा खरा पूर्वज शोधायचा तर मी तो इथे शोधेन.

प्लुटार्कच्या नावावरच्या त्याच वचनसंग्रहात एका स्पार्टनाची गोष्ट आहे. त्याने ढालीवर खऱ्या आकाराची माशी काढली होती. लोक हसले की ओळखू येऊ नये म्हणून काढली असेल. तो म्हणाला, उलट, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती मोठीच दिसते. प्रत्येकाचं चिन्ह वेगळं होतं या म्हणण्याला ही गोष्ट छान पूरक आहे. पण थांबा. मोलॉन लाबेच्या वेळी आपण ज्या पुस्तकाला 'सहाशे वर्षं उशिराचं' म्हणालो, तेच हे पुस्तक. नावडत्या दाव्याला लावलेला नियम आवडत्या पुराव्यालाही लावायला हवा. म्हणून माशी माझ्या तक्त्यात कंसात गेली.

शिरस्त्राण: बरोबर, पण चुकीच्या सोबतीत

लॉकेटवरचं शिरस्त्राण कॉरिंथियन पद्धतीचं आहे. कांस्याच्या एकाच पत्र्यातून ठोकून घडवलेलं, गाल आणि नाक झाकणारं. कान झाकले जात असल्यामुळे ऐकू कमी येत असणार हे उघड आहे. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात 'किजी' नावाचा एक छोटा कॉरिंथियन सुरईवजा घडा आहे, इ.स.पू. ७ व्या शतकाच्या मध्यावरचा, १८८१ मध्ये प्राचीन व्हेई शहराजवळ सापडलेला. त्यावर अशीच तुरेदार शिरस्त्राणं घातलेल्या दोन फळ्या समोरासमोर येताना दिसतात. ऑलिंपियाच्या देवस्थानात अशी कितीतरी शिरस्त्राणं वाहिलेली सापडली. मॅराथॉनच्या लढाईचा सेनापती मिल्टियाडीस याचं नाव कोरलेलं एक तिथल्या संग्रहालयात आहे.

तेव्हा इ.स.पू. ४८० साठी हे शिरस्त्राण ठीक आहे. चारपैकी एक दावा पास! पण पुढच्या काही दशकांत हा प्रकार मागे पडत गेला आणि स्पार्टन सैन्यात 'पिलॉस' हे साधं, शंकूसारखं, चेहरा उघडा ठेवणारं शिरस्त्राण रूढ झालं.

आता लॅम्डाची तारीख आठवा. लॅम्डाचा पुरावा जिथे सुरू होतो तिथे हे शिरस्त्राण मावळतीला लागलेलं असतं. लॉकेटवर दोन्ही शेजारी शेजारी आहेत, पण एकाच सैनिकाच्या अंगावर ते एका वेळी होते असं दाखवणारा पुरावा नाही. हे तसंच आहे, जसं आपण एका पेपरमधून तापमान घेतो, दुसऱ्यातून दाब घेतो आणि तिसऱ्याच प्रयोगाचा आलेख काढतो.

'ढालीसह किंवा ढालीवर'

स्पार्टन आई मुलाला ढाल देताना म्हणते: हिच्यासह ये किंवा हिच्यावर. म्हणजे जिंकून ये, नाहीतर मेलेला ये. हे वाक्यही पुन्हा प्लुटार्कच्या नावावरच्याच दुसऱ्या संग्रहात, स्पार्टन स्त्रियांच्या वचनांत मिळतं. बोलणारी आई निनावी आहे.

यात अडचण वेगळीच आहे. स्पार्टन सैनिकांना सहसा ते पडले तिथेच किंवा जवळपास पुरत. थर्मोपायलीतले लोकही ते पडले तिथेच पुरले गेले असं हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्सजवळच्या लढाईत मेलेल्या स्पार्टनांना अथेन्सच्या केरामाइकोस दफनभूमीत पुरल्याचं झेनोफन लिहितो आणि ते थडगं उत्खननात खरोखर सापडलं. आत सांगाडे होते आणि वर उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या लेखाचा दगड. म्हणजे ढालीवरून घरी येण्याचा प्रसंग सामान्य सैनिकाच्या वाट्याला सहसा येतच नसे.

ढाल टाकून पळणं लाजिरवाणं मानलं जाई, एवढं मात्र पक्कं. कारण समजण्यासारखं आहे. रांगेत खांद्याला खांदा लावून लढताना तुमची ढाल शेजाऱ्याची उघडी बाजूही झाकत असते.

त्यांच्यासाठी चिन्हाचा अर्थ काय होता?

चार दाव्यांचा निकाल लागला, पण माझं कुतूहल शमलं नाही. चिन्ह काढणाऱ्याला त्यातून काय म्हणायचं असायचं?

एस्किलसचं 'सेव्हन अगेन्स्ट थीब्ज' हे नाटक इ.स.पू. ४६७ चं आहे, थर्मोपायलीनंतर फक्त तेरा वर्षांनी आलेलं. त्याचा मोठा भाग ढालींच्या वर्णनाचाच आहे. सात वीर थीब्जच्या सात दरवाजांवर येतात. एकाच्या ढालीवर चंद्र आणि तारे. दुसऱ्याच्या ढालीवर मशाल घेतलेला माणूस आणि सोनेरी अक्षरांत शहर जाळण्याची धमकी. थीब्जचा राजा प्रत्येक चिन्हाचा अर्थ उलटा करून त्यांच्यावरच फिरवतो. आणि सहावा वीर, द्रष्टा अँफिअराउस, याची ढाल कोरी आहे. त्याला शूर दिसण्यात रस नाही.

दुसरं लोकप्रिय चिन्ह गॉर्गनचं, म्हणजे मेडुसाचं तोंड. 'इलियड'मध्ये अ‍ॅगमेम्नॉनच्या ढालीवर ते आहे. बघणाऱ्याला धडकी भरवणं आणि वाईट नजर परतवणं हे त्याचं काम. आपल्याकडे दारावर, ट्रकच्या मागे राक्षसाचा मुखवटा लावतात, त्याच जातीचं. आणि याची टिंगल करणारेही तेव्हाच होते. इ.स.पू. ४२५ च्या 'अकार्नियन्स' या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनिसने गॉर्गनची ढाल मिरवणाऱ्या लामाकस या सेनापतीला भरपूर पिडलंय. चिन्ह मिरवणाऱ्याला हसणं आमच्या लॅबने शोधून काढलेलं नाही तर!

आणि आज?

हे सगळं मी ज्युनिअरला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे ताई, जुनं नसेल. पण अर्थ तर चांगलाच आहे ना?" प्रश्न रास्त होता. म्हणून तक्त्यात तिसरा रकाना जोडावा लागला: आज हे चिन्ह कोण वापरतं?

थर्मोपायलीत लिओनिडासचा पुतळा १९५५ मध्ये उभारला गेला, त्याखाली मोलॉन लाबे कोरलंय. १९५७ मध्ये सायप्रसमध्ये ब्रिटिश सैन्याने घेरलेल्या ग्रिगोरिस अफ्क्सेंतिऊ या बंडखोराने शरण या म्हटल्यावर हेच शब्द वापरले, असं तिथे मानलं जातं. आज अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काचे समर्थक तेच शब्द गाडीच्या काचेवर लावतात.

लॅम्डाची कहाणी त्याहून विलक्षण. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या 'गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स' या संघटनेने छोट्या लिपीतला लॅम्डा आपलं चिन्ह म्हणून घेतला. त्यांनी सांगितलेला अर्थ विज्ञानातून घेतलेला होता, ऊर्जेच्या देवाणघेवाणीचा. १९७४ मध्ये एडिंबराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला. पुढे २००७ मध्ये '३००' हा चित्रपट जगभर गेला आणि त्यातल्या ढालींवरचा मोठा लॅम्डा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. काही वर्षांतच युरोपातल्या स्थलांतरितविरोधी 'आयडेंटिटेरियन' चळवळीने वर्तुळातला लॅम्डा हे आपलं चिन्ह केलं. २०२१ मध्ये ऑस्ट्रियाने या चळवळीच्या चिन्हांवर कायद्याने बंदी घातली.

आणि आमचा पोरगा कुठे निघाला होता? ऑस्ट्रियाला. वर्तुळात लॅम्डा गोंदवून. परदेशी विद्यार्थी म्हणून.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कार्डावर हे काहीच नव्हतं."

आता माझी गोष्ट

हे सांगताना मी मोठी शहाणी वाटत असेन, म्हणून हेही सांगते. त्याच महिन्यात माझा प्रगती सेमिनार होता. माझ्या स्लाइडवर एका रंगद्रव्याचा लॅम्डा मॅक्स होता, म्हणजे ज्या तरंगलांबीला ते सर्वाधिक प्रकाश शोषतं तो आकडा. तो मी एका रिव्ह्यूमधून घेतला होता. गाईड सरांनी एकच विचारलं, "मूळ पेपर वाचलास का?" मी वाचला नव्हता. शोधत गेले तर त्या रिव्ह्यूने तो आकडा दुसऱ्या रिव्ह्यूमधून उचललेला, आणि मूळ मोजमाप मेथनॉलमध्ये केलेलं. माझं सगळं काम पाण्यातलं. द्रावक बदलला की आकडा सरकतो हे बीएस्सीला शिकवतात. दोन हातांतून येताना 'मेथनॉलमध्ये' हा शब्द गळून पडला होता आणि उरलेला सुटसुटीत आकडा मी वापरत होते. चार महिन्यांची गणितं मला पुन्हा करावी लागली.

कार्डावरच्या वाक्यात आणि माझ्या स्लाइडमध्ये फरक काय होता? मला तरी सापडला नाही.

म्हणून संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

१. एका वाक्यात किती दावे आहेत ते मोजा आणि सुटे करा.

२. प्रत्येक दाव्यापुढे दोन तारखा लिहा: गोष्ट घडली कधी आणि ती आपल्याला सांगतंय कोण, कधीचं.

३. पुरावा मिळाला नाही आणि गोष्ट नव्हतीच, या दोन वाक्यांत गल्लत करू नका.

४. आवडत्या पुराव्याला तोच नियम लावा जो नावडत्याला लावलात.

५. दोन खऱ्या गोष्टी एका काळाच्या, एका परिस्थितीच्या आहेत का ते पाहा.

६. हा आकडा किंवा हे चिन्ह आज कोण कशासाठी वापरतंय, तेही पाहा.

ज्युनिअरने टॅटू रद्द केला. लॉकेट त्याने टाकून दिलं नाही. ते त्याच्या टेबलाच्या खणात आहे. ऑस्ट्रियाहून परत आल्यावर त्याने आर्टेमिस ऑर्थियाच्या शिशाच्या योद्ध्याचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावलाय, फुलाची ढाल घेतलेल्या. परवा मला विचारत होता, "ताई, हा नक्की कितव्या शतकातला गं?"

मी म्हणाले, उत्खननाचा अहवाल १९२९ मध्ये प्रसिद्ध झालाय. आधी तो वाच, मग मला सांग.